आधी कातडी तरी शाबूत राहू द्या

"वरवर लावून काय होतंय? आत मुरलं पाहिजे."

व्हिटॅमिन सीच्या सीरमबद्दलचं हे वाक्य मी हळदीकुंकवाला ऐकलं आहे, लोकलच्या महिला डब्यात ऐकलं आहे, औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडूनही ऐकलं आहे. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. त्याच्या मागोमाग येणारा सल्ला मात्र भयंकर असतो. आधी वाफ घ्या म्हणजे रंध्रं उघडतील. मग साखर-लिंबाने घासा म्हणजे मेलेली त्वचा निघेल. मग सुयांचा रोलर फिरवा म्हणजे आत जायला वाटा होतील. आणि मग त्या तापलेल्या, घासलेल्या, टोचलेल्या गालांवर २० टक्क्यांचं सीरम लावा, सोसत असेल तर ३० टक्क्यांचं. झोंबलं तर समजायचं, काम सुरू झालं.

या सल्ल्याला माझा विरोध आहे, आणि तो फांद्या छाटण्यापुरता नाही. या सल्ल्याच्या मुळाशी दोन समजुती आहेत. एक, त्वचेत जितकं जास्त जाईल तितका फायदा जास्त. दोन, आत घालवण्याचं काम लावणाऱ्याने आपल्या हातांनी करायचं असतं. दोन्ही चूक आहेत. व्हिटॅमिन सी त्वचेत किती जाणार याचा बहुतेक निकाल बाटली भरली जाते त्याच दिवशी लागलेला असतो. आपल्या हातात उरतं ते एवढंच: बाटली ताजी ठेवायची आणि त्वचा धड ठेवायची.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. औषध त्वचेतून किती आणि कसं आत जातं, हाच माझ्या शिकवण्याचा विषय. त्यामुळे माझ्याच घरात जे घडलं ते मला जास्त लागलं. भाचीचं लग्न ठरलं. मुहूर्त दोन महिन्यांवर होता. गालांवर थोडे वांग होते, म्हणून ती घराजवळच्या एका पार्लरमध्ये गेली. तिथे तिला सांगितलं गेलं, "तुमची स्किन जाड आहे, सीरम मुरत नाही." वाफेचं यंत्र, रोलर आणि सीरम असा संच तिने विकत घेतला आणि एक दिवसाआड घरी वापरला. तिसऱ्या आठवड्यात गाल लाल होऊन सोलले. लाली दहा दिवसांत गेली. तिच्या जागी तपकिरी चट्टे आले, आधीच्या वांगांपेक्षा गडद, आणि ते लग्न होऊन दिवाळी उलटली तरी होते. तिने मला विचारलं, "मावशी, जास्तच मुरलं का गं?"

मुरलं होतंच. पण सीरमचा फायदा काही मुरला नव्हता. तिला त्या दिवशी मी जे समजावलं, ते आता इथे सविस्तर लिहिते.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. व्हिटॅमिन सी त्वचेत सहजी जात नाही, हे खरंच आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ. तेवढ्यात मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. विटांच्या मधे चुना भरावा तसे या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं. बाहेरचं आत येऊ नये आणि आतलं पाणी उडून जाऊ नये, म्हणून निसर्गाने बांधलेली ही भिंत आहे. व्हिटॅमिन सीचा रेणू तसा लहान आहे, वजन १७६ डाल्टन. त्वचेतून जाऊ शकणाऱ्या रेणूंसाठी साधारण ५०० डाल्टनची मर्यादा धरतात, त्या हिशेबाने आकाराची काहीच अडचण नाही. अडचण स्वभावाची आहे. हा रेणू पाण्यात रमणारा, आणि भिंतीतला चुना तुपासारखा. त्यातही या रेणूवर विद्युतभार आला की तो चुन्यातून जवळजवळ जातच नाही.

आता हा भार कधी येतो, हे कळलं की निम्मा वाद मिटतो. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त. अस्कॉर्बिक आम्लाच्या, म्हणजे व्हिटॅमिन सीच्याच, बाबतीत ४.२ पीएच हा मध्यबिंदू आहे. तिथे निम्मे रेणू भारित असतात आणि निम्मे भाररहित. पीएच एका अंकाने खाली आणून ३.२ केला, की ११ पैकी १० रेणू भाररहित होतात. उलट एका अंकाने वर, ५.२ ला नेला, की ११ पैकी एकच उरतो. आणि ७.२ ला, म्हणजे जवळपास साध्या पाण्याच्या पातळीला, हजारात एक. भिंतीतून जाण्याची ऐपत आहे ती या भाररहित रेणूंची. म्हणजे शोषण वाढवण्याची खरी किल्ली आम्लता ही आहे, आणि आम्लता ठरते कारखान्यात. न्हाणीघरातल्या आरशासमोर ती ठरत नाही.

तिथे ती फार तर बिघडवता येते. सीरमचे चार थेंब तळहातावर घेऊन त्यात कोरफडीचा गर, गुलाबपाणी किंवा रोजचं क्रीम कालवणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. "थोडं माइल्ड करते," म्हणतात. त्या कालवण्यात सीरम पातळ होतं, पीएच वर सरकतो आणि आत जाऊ शकणारे रेणू कमी होतात. दोनशे रुपयांचं क्रीम आणि हजार रुपयांचं सीरम यांचं ते मिश्रण दोन्हींपेक्षा कमी कामाचं असतं. ज्यांना सीरम सोसत नाही त्यांनी कमी टक्क्यांचं घ्यावं, किंवा आधी सीरम लावून ते सुकल्यावर क्रीम लावावं.

या विषयात ज्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही असा एक अभ्यास आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००१ मध्ये 'डर्मटॉलॉजिक सर्जरी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. डुकरांच्या त्वचेवर वेगवेगळ्या तीव्रतेची आणि वेगवेगळ्या पीएचची द्रावणं लावून त्यांनी त्वचेच्या आत किती व्हिटॅमिन सी पोचतं ते मोजलं. डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेच्या बरीच जवळची म्हणून असे प्रयोग तिच्यावर होतात. पीएच ३.५ च्या खाली असला तरच अस्कॉर्बिक आम्ल नीट आत जातं, हे त्यातून दिसलं. तीव्रता वाढवत नेली तसं आत जाणारं प्रमाणही वाढत गेलं, पण २० टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे ते वाढलं नाही, उलट घटलं.

हे वाक्य मी पुन्हा लिहिते, कारण बाजारातल्या ३० टक्क्यांच्या बाटल्या याच अभ्यासाच्या नावावर खपतात: २० टक्क्यांच्या पुढे घटलं.

पिनेल यांचं नाव सीरम बनवणाऱ्या एका नावाजलेल्या कंपनीच्या स्थापनेशी जोडलेलं आहे. तेव्हा त्यांचे आकडे डोळे झाकून घेऊ नयेत, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पण विकणाऱ्याच्या बाजूला उभा असलेला माणूसच जर आपल्या मालाला मर्यादा सांगत असेल, तर ती मर्यादा आणखी गंभीरपणे घ्यायला हवी.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. रोज एकदा लावलं तर तीन दिवसांत त्वचेतली पातळी भरून येते, आणि त्यानंतर लावत राहिलं तरी ती वर जात नाही. लावणं थांबवलं तर ती निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात. रांजण तिसऱ्या दिवशी भरला आहे. त्यानंतरही तुम्ही रोज दोन-दोन वेळा पाणी ओतताय, ते वाहून जातंय म्हणून रांजणाला भोक पाडताय, आणि वर म्हणताय की पाणी मुरत नाही. एखाद्या दिवशी सीरम लावायला विसरलात, चेहरा झोंबतोय म्हणून दोन दिवस सुट्टी दिलीत, तर काहीही बिघडत नाही. भाचीला हे कुणी सांगितलं असतं तर लालीची पहिली खूण दिसताच ती थांबली असती. तिला सांगितलं गेलं ते उलटं होतं: थांबलात तर सगळी मेहनत वाया जाईल.

आता रोलरकडे येते, कारण खरा राग मला त्याचा आहे.

आमच्या प्रयोगशाळेत त्वचेतून औषध किती जातं हे मोजायला काचेचं एक साधं उपकरण असतं. त्याला फ्रान्झ सेल म्हणतात. दोन कप्पे, मधे कातडीचा तुकडा ताणून बसवायचा, बहुतेक वेळा डुकराच्या कानाचा. वरच्या कप्प्यात औषध, खालच्या कप्प्यात शरीराच्या तापमानाला ठेवलेलं क्षारयुक्त पाणी. ठरावीक वेळाने खालचं पाणी थोडं काढून त्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. दर वर्षी एखादा विद्यार्थी धावत येतो. त्याचं मलम बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी पटीने शोषलं गेलेलं असतं. आलेखाची रेघ सरळ वर. मी त्याला सेल उघडायला सांगते. कातडी काढून उजेडासमोर धरली की बहुतेक वेळा भोक दिसतं, एखाद्या केसाच्या मुळाशी किंवा चिमट्याने फाटलेलं. तो आकडा आम्ही खोडतो. कारण तो मलमाबद्दल काही सांगत नाही, तो भोकाबद्दल सांगतो. प्रयोग सुरू करण्याआधी कातडी शाबूत आहे की नाही हे तपासणं म्हणूनच या शास्त्रातला पहिला नियम आहे.

घरच्या रोलरच्या जाहिरातीत 'शोषण कित्येक पटींनी वाढतं' असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती नेमका हाच खोडून टाकायचा आकडा विकत असते. हिशेब करून पाहा. घरगुती रोलरच्या सुया साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरच्या असतात. ज्या भिंतीला त्या टोचायच्या, ती ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरची. म्हणजे सुई भिंतीच्या जाडीच्या दहा ते पन्नास पट. ती भिंत 'पार करायला मदत' करत नाही, ती भिंतीपलीकडच्या जिवंत पेशींत शिरते. त्या भोकातून व्हिटॅमिन सी एकटं जात नाही. ३ पीएचचं आम्ल जातं, सुगंधी द्रव्यं जातात, परिरक्षकं जातात, ग्लायकॉल जातं, आणि रोलरवरचे जंतूही जातात. या सगळ्या घटकांची सुरक्षितता शाबूत त्वचेवर लावण्यासाठी पाहिलेली असते. भोकातून आत सोडण्यासाठी ती कुणी पाहिलेली नसते, आणि बाटली निर्जंतुकही नसते.

ही भीती कल्पनेतली नाही. 'जामा डर्मटॉलॉजी' या नियतकालिकात २०१४ मध्ये तीन स्त्रियांच्या केसेस प्रसिद्ध झाल्या. सुयांच्या उपचारानंतर तिघींच्याही चेहऱ्यावर ग्रॅन्युलोमा, म्हणजे बाहेरच्या पदार्थाभोवती शरीराने घट्ट बांधलेल्या दाहाच्या गाठी, उठल्या होत्या. त्यांपैकी दोघींच्या उपचारात व्हिटॅमिन सीचं एकच सीरम वापरलेलं होतं. दोघींच्या गाठींवर स्टेरॉइड देऊनही उपयोग झाला नाही. तेच सीरम शाबूत त्वचेवर हजारोंनी लावलं असेल आणि त्यांना काहीच झालं नसेल. फरक सीरममध्ये नव्हता, वाटेत होता.

"पण डॉक्टरही करतात ना?" हा माझ्यावर नेहमी टाकला जाणारा प्रश्न. करतात, आणि त्याला आधारही आहे. लेसरने किंवा मायक्रोडर्माब्रेजनने वरचा थर नेमका पातळ केला तर व्हिटॅमिन सी कितीतरी जास्त आत जातं, हे तैवानमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. त्याच वर्षी कोरियात वांग असलेल्या २९ स्त्रियांवर सौम्य विद्युतप्रवाहाच्या मदतीने व्हिटॅमिन सी आत सोडण्याची चाचणी झाली आणि तिचा निकाल चांगला आला. या दोन्ही गोष्टी मी नाकारत नाही. पण कोरियातल्या डॉक्टरांनी काय वापरलं ते पाहावं. त्यांनी आम्लधर्मी सीरम वापरलं नव्हतं, मॅग्नेशियम अस्कॉर्बिल फॉस्फेट हे न झोंबणारं क्षाररूप वापरलं होतं. चेहऱ्याच्या एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी, असं करून दोन्ही बाजू ताडून पाहिल्या होत्या. माप होतं, नोंद होती, काही बिघडलं तर बघायला माणूस होतं. दवाखान्यातल्या टेबलावर एक डॉक्टर एकदा जे करतो, ते बेडरूममध्ये एक दिवसाआड धुतल्या-न धुतल्या रोलरने करायचा परवाना त्यातून मिळत नाही.

आणि मूळ प्रश्न राहतोच. जास्त शोषण म्हणजे जास्त गुण, हे कुणी सिद्ध केलं? फ्रान्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उन्हाने रापलेल्या, सुरकुतलेल्या त्वचेवर स्त्रियांनी फक्त ५ टक्क्यांचं व्हिटॅमिन सी क्रीम सहा महिने लावलं. औषध कोणतं आणि नुसतं क्रीम कोणतं हे लावणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना दोघांनाही माहीत नव्हतं. फरक दिसला, सूक्ष्मदर्शकाखालीही दिसला. त्यासाठी ना वाफ लागली, ना रोलर, ना ३० टक्के. लागले ते सहा महिने.

वांगावरची एक मेक्सिकोतली चाचणी मला आपल्यासाठी त्याहून महत्त्वाची वाटते. २००४ साली प्रसिद्ध झालेली, १६ स्त्रियांवरची, १६ आठवड्यांची. चेहऱ्याच्या एका बाजूला ५ टक्के अस्कॉर्बिक आम्ल, दुसऱ्या बाजूला हायड्रोक्विनोन हे वांगावरचं नेहमीचं औषध, ४ टक्के. स्त्रियांच्या स्वतःच्या मते हायड्रोक्विनोनची बाजू जास्त सुधारली: ९३ टक्के विरुद्ध ६२.५ टक्के. हे मी लपवणार नाही, व्हिटॅमिन सी काही सर्वांत जोरदार औषध नाही. पण रंग मोजणाऱ्या यंत्राला दोन बाजूंत लक्षणीय फरक आढळला नाही. आणि जळजळ, लाली यांसारखा त्रास हायड्रोक्विनोनच्या बाजूला ६८.७ टक्क्यांना झाला, व्हिटॅमिन सीच्या बाजूला ६.२ टक्क्यांना. चाचणी लहान आहे, तिच्यावर इमले बांधू नयेत. तरी व्हिटॅमिन सीचं खरं बळ कशात आहे, ते या आकड्यांतून कळतं. ते सोसवतं. वांग असलेल्या सावळ्या चेहऱ्यावर महिनोन् महिने लावता येईल आणि दाह करणार नाही, असं औषध मिळणं सोपं नाही. रोलर आणि ३० टक्क्यांच्या नादाने आपण त्याचा हा एकमेव मोठा गुणच काढून घेतो.

सावळ्या त्वचेला कुठलाही दाह परवडत नाही. भाजलं, घासलं, टोचलं, झोंबलं, की आपल्या त्वचेतल्या रंगपेशी जास्त रंग तयार करतात आणि दाह ओसरल्यावर काळा डाग मागे राहतो. गोऱ्या कातडीवर जिथे आठ दिवसांची लाली येऊन जाते, तिथे आपल्याकडे आठ महिन्यांचा डाग उरतो. शोषण वाढवण्याचे बहुतेक सल्ले परदेशातून उचललेले असतात, आणि हा फरक सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नसतो. त्यात आपल्याकडे लग्न ठरलं की मुलीच्या चेहऱ्याला मुदत लावली जाते. मुहूर्ताच्या आत उजळलं पाहिजे. त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायलाच साधारण महिना लागतो, त्वचा कुणाच्या मुहूर्तासाठी घाई करत नाही. मुलींना या घाईत ढकलणाऱ्या आयांना, मावश्यांना आणि सासवांना माझं सांगणं आहे, की हा दोष तुमचाही आहे. माझाही होता. लग्न ठरल्यावर मीच तिला म्हणाले होते, "गालांचं काहीतरी कर."

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सी १०० ग्रॅमला सुमारे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. १० टक्क्यांच्या सीरममध्ये त्याच्या दोनशे पट असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात आवळ्याला १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम दिलेले आहेत. तो उदार आकडा धरला तरी ०.६ टक्के. लिंबू लावून जे झोंबतं ते सायट्रिक आम्ल असतं. शिवाय लिंबाच्या सालीत असे पदार्थ असतात, की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे पट्टे उरतात. आवळा आणि पेरू खाण्यासाठी उत्तम आहेत. लिंबू वरणभातावर पिळावं.

'तेलात विरघळणारं व्हिटॅमिन सी, म्हणून जास्त खोल जातं' असा नवा दावा आता महागड्या बाटल्यांवर दिसतो. अशा एका लोकप्रिय रूपाच्या, टेट्राहेक्सिलडेसिल अस्कॉर्बेटच्या रेणूचं वजन सुमारे ११३० डाल्टन आहे. ५०० च्या मर्यादेच्या दुप्पट, मूळ व्हिटॅमिन सीच्या सहापटीहून अधिक. शिवाय अशी रूपं आत गेली तरी त्वचेत त्यांचं पुन्हा अस्कॉर्बिक आम्ल व्हावं लागतं. पिनेल यांच्या प्रयोगात मॅग्नेशियम अस्कॉर्बिल फॉस्फेट आणि अस्कॉर्बिल पाल्मिटेट नुसतं लावून त्वचेतली पातळी वाढली नव्हती. नाजूक त्वचेला ही रूपं सोसतात, बाटलीत जास्त टिकतात, त्यासाठी ती जरूर वापरावीत. 'जास्त मुरतं' म्हणून दुप्पट किंमत देऊ नये.

मग शोषण सुधारण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते बिनखर्चाचं आहे. खराब झालेलं व्हिटॅमिन सी कितीही मुरलं तरी व्यर्थ, हे आधी लक्षात घ्या. हवा, उजेड, उष्णता आणि धातू यांनी हे जीवनसत्त्व झपाट्याने बिघडतं. पाण्यासारखं किंवा फिकट पेंढ्याच्या रंगाचं सीरम नारिंगी, मग तपकिरी होत जातं. तपकिरी झालेली बाटली फेकून द्यावी. ती लावल्यावर गालावर येणारी पिवळट छटा म्हणजे 'ग्लो' नव्हे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात आरशासमोरच्या फळीवर ठेवलेली बाटली किती टिकणार? फ्रिजच्या दारात ठेवा. लहान बाटली घ्या, गडद काचेची, दोन-तीन महिन्यांत संपेल अशी. पावडर आणून घरी सीरम करणाऱ्यांनी तर हा नाद सोडावाच. बोअरच्या पाण्यातलं लोह आणि तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातलं तांबं व्हिटॅमिन सीला वेगाने मारतं, आणि घरी पीएच मोजणार कोण?

कारखान्यात काय करता येतं तेही पाहा. १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातल्यावर ते जास्त टिकतं आणि उन्हापासूनचं संरक्षण जवळपास दुप्पट होतं, हे ड्यूकच्याच संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. सुधारणा अशी असते, बाटलीच्या आत केलेली. लावणाऱ्याला तिच्यासाठी रक्त काढावं लागत नाही.

बाकी लावायचं कसं, हे दोन ओळींचं काम आहे. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा, चार-पाच थेंब पसरा, सुकू द्या, क्रीम लावा आणि सकाळी असेल तर सनस्क्रीन लावा. सनस्क्रीन नसेल तर सीरमवर पैसे घालवू नका, कारण ऊन त्वचेतलं व्हिटॅमिन सी रोज खर्च करत असतं आणि व्हिटॅमिन सी स्वतः काही सनस्क्रीन नाही.

माझी खरी तक्रार विकणाऱ्यांकडे आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम आले. खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा करायला त्या नियमांनी मनाई आहे, आणि घटकांची यादी छापावी लागते. पण जो एक आकडा या बाटलीचं भवितव्य ठरवतो, तो पीएच, बहुतेक बाटल्यांवर नसतो. २० टक्के असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते २० टक्के अस्कॉर्बिक आम्लाचे की एखाद्या वनस्पतीच्या अर्काचे, हे मागच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं. उत्पादकांना पीएचचा आकडा माहीत असतो. प्रत्येक घाण्याला तो मोजल्याशिवाय माल बाहेर पडत नाही. तो छापायला त्यांना शाईचा एक थेंब लागेल. तो न छापता, सीरम मुरत नाही याचा दोष गिऱ्हाइकाच्या 'जाड' त्वचेला देऊन तिच्या हातात रोलर द्यायचा, ही फसवणूक आहे.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेलात की तीन गोष्टी विचारा. यात व्हिटॅमिन सीचं कोणतं रूप आहे? पीएच किती आहे? आणि बाटली कधी भरली? उत्तर मिळालं नाही, तर बाटली आहे तिथे परत ठेवा. आणि घरात सुयांचा रोलर असेल, तर आजच तो एखाद्या जाड डब्यात बंद करून कचऱ्यात टाका.